एसएमपीएसवर नाव एका कंपनीचं, कारखाना भलत्याचाच! कॉम्प्युटरचा पॉवर सप्लाय खरंच कोण बनवतं?

समजा, भोकरदनला तहसील कचेरीच्या आसपास तुमचं ऑनलाइन फॉर्म भरून द्यायचं दुकान आहे. पीक विम्याची शेवटची तारीख. हसनाबाद, राजूर, पिंपळगाव रेणुकाईहून आलेली माणसं सातबारा आणि पासबुक घेऊन रांगेत उभी आहेत. तेवढ्यात लाईट जाते, येते, परत जाते. तिसऱ्यांदा येते तेव्हा कॉम्प्युटर चालूच होत नाही. पंखा फिरत नाही, दिवा लागत नाही, नुसता जळकट वास.

मेकॅनिक येतो, कॅबिनेटचा पत्रा काढतो, मागच्या कोपऱ्यातला लोखंडी डबा हुंगतो आणि निकाल देतो, "एसएमपीएस गेला." पुढचा प्रश्नही ठरलेला, "लोकल टाकू का ब्रँडेड?" लोकल पाच-सातशेत येतो. ब्रँडेडला दोन-अडीच हजार आणि त्याच्या पुढे. एकदाच काय तो खर्च करू म्हणून तुम्ही ब्रँडेड सांगता.

आता प्रश्न असा आहे, की त्या डब्यावर ज्या कंपनीचं नाव आहे तिने तो डबा बनवलाय का? बहुतेक वेळा उत्तर आहे, नाही.

एसएमपीएस म्हणजे स्विच्ड मोड पॉवर सप्लाय. भिंतीतून येणारी २३० व्होल्टची एसी वीज घ्यायची आणि मदरबोर्ड, प्रोसेसर, हार्ड डिस्क यांना लागणारी १२, ५ आणि ३.३ व्होल्टची डीसी वीज द्यायची, एवढं त्याचं काम. काम साधं वाटतं, पण कॉम्प्युटरमधला प्रत्येक भाग याच्याच जिवावर चालतो. एसएमपीएस वाईट पद्धतीने गेला तर एकटा जात नाही, सोबत मदरबोर्ड किंवा हार्ड डिस्कही नेतो. आणि दुकानातल्या हार्ड डिस्कवर गावाचे कागद असतात.

दुकानात दिसणारे बहुतेक ब्रँड मुळात वेगळ्याच धंद्यातले. कोणी रॅम विकायचं, कोणी ग्राफिक कार्ड, कोणी कॅबिनेट आणि पंखे. पॉवर सप्लाय बनवायला लागतो स्वतंत्र कारखाना, हाय व्होल्टेजचं काम जाणणारे इंजिनिअर आणि चाचणीची महागडी यंत्रं. तो व्याप करण्यापेक्षा तयार कारखान्याला ऑर्डर द्यायची आणि डब्यावर आपलं नाव छापायचं, हे सोपं. असे कारखाने चालवणाऱ्या बऱ्याच मोठ्या कंपन्या तैवानच्या आहेत आणि त्यांचं बरंचसं उत्पादन चीनमध्ये होतं.

त्यातली सगळ्यात मोठी डेल्टा इलेक्ट्रॉनिक्स. ब्रूस चेंग यांनी १९७१ मध्ये टीव्हीचे सुटे भाग बनवायला ती सुरू केली. भारतात उत्तराखंडातल्या रुद्रपूरला आणि तमिळनाडूतल्या कृष्णगिरीला तिचे कारखाने आहेत. सीसॉनिक १९७५ ची. ही स्वतःच्या नावानेही विकते आणि दुसऱ्यांनाही बनवून देते. चॅनल वेल टेक्नॉलॉजी, जिला जाणकार सीडब्ल्यूटी म्हणतात, ती १९९३ ची. एफएसपीसुद्धा त्याच वर्षीची. सुपर फ्लॉवर, एचईसी, एन्हान्स, लाइट-ऑन, ॲकबेल, आणि चीनची ग्रेट वॉल ही आणखी काही नावं. यातली निम्मी तुम्ही ऐकलीही नसतील, पण त्यांचा माल कदाचित तुमच्या टेबलाखाली असेल.

कोर्सेअरचं उदाहरण घ्या. ही अमेरिकेतली कंपनी १९९४ मध्ये सुरू झाली, मेमरी विकण्यासाठी. पॉवर सप्लायच्या धंद्यात ती २००६ मध्ये उतरली, एचएक्स ५२० आणि एचएक्स ६२० हे दोन मॉडेल घेऊन. दोन्ही बनवले होते सीसॉनिकने. लोकांना आवडले, नाव झालं. त्यानंतर व्हीएक्स मालिका आली. त्यातला ४५० वॅटचा सीसॉनिकचा आणि ५५० वॅटचा सीडब्ल्यूटीचा! एकच मालिका, एकसारखा खोका, रंग तोच, आणि आतला कारखाना वेगळा. पुढे महागडा एएक्स १२००आय आला तो फ्लेक्सट्रॉनिक्सकडून, आणि लोकप्रिय आरएमएक्स मालिका सीडब्ल्यूटीकडून.

ईव्हीजीएची गोष्ट तर त्याहून मजेशीर. ग्राफिक कार्डांसाठी प्रसिद्ध असलेल्या या कंपनीच्या सुपरनोव्हा पॉवर सप्लायमध्ये जी२ आणि जी३ सुपर फ्लॉवरने बनवले. त्यांची इतकी स्तुती झाली की लोक डोळे झाकून "ईव्हीजीए घे" म्हणायला लागले. मग जी५ आला तो एफएसपीचा, आणि जी६ सीसॉनिकचा. नावात फक्त आकडा पुढे सरकला. घेणाऱ्याला वाटलं, जुन्याचीच सुधारलेली आवृत्ती. प्रत्यक्षात ती वेगळ्या कारखान्याची, वेगळ्या डिझाइनची वस्तू होती.

म्हणून "अमुक कंपनीचा एसएमपीएस चांगला का?" या प्रश्नाला नीट उत्तरच नसतं. कोणतं मॉडेल, कोणत्या वर्षाचं, हे विचारावं लागतं.

हे वाचून कोणी म्हणेल, ही तर फसवणूक झाली. माझ्या मते तसं नाही. ब्रँड नुसता स्टिकर लावत नाही. किती किमतीत बसवायचं, कोणते भाग वापरायचे, पंखा किती आवाज करायचा, हे तो ठरवतो. वॉरंटीचं ओझंही तोच घेतो, आणि ग्राहकासाठी ही मोठी गोष्ट आहे, कारण डोंगगुआनच्या कारखान्याला भोकरदनहून फोन लावता येत नाही. पण याचीच दुसरी बाजू अशी की कारखान्याचं नाव कळलं म्हणून काम संपत नाही. सीडब्ल्यूटी दहा वर्षांची वॉरंटी देता येईल असा डबाही बनवते आणि एकदम स्वस्तातलाही. गिऱ्हाईक जेवढे पैसे देईल तेवढा माल. आपल्याकडचा शिंपीसुद्धा कापड बघूनच अस्तर लावतो.

हे सगळं किती महागात पडू शकतं ते २०२१ मध्ये दिसलं. गिगाबाइट ही तैवानची मोठी कंपनी, मदरबोर्डसाठी नावाजलेली. तिचे पी७५०जीएम आणि पी८५०जीएम हे पॉवर सप्लाय चिनी कारखानदार एमईआयसीने बनवलेले होते. तेव्हा ग्राफिक कार्डांचा जगभर तुटवडा होता आणि अमेरिकेत न्यूएग या दुकानाने कार्डासोबत हे पॉवर सप्लायही गळ्यात मारले. लोकांच्या तक्रारी आल्या, मग गेमर्स नेक्सस या यूट्यूब चॅनलने चाचण्या केल्या, त्यात एकामागून एक डबे आवाज करून फुटले. ऑगस्ट २०२१ मध्ये गिगाबाइटने निवेदन काढलं आणि ठरावीक सीरियल नंबरचे पॉवर सप्लाय परत घ्यायची किंवा बदलून द्यायची तयारी दाखवली. सोबत एक बदल जाहीर केला. जास्त भार आला की पॉवर सप्लायने स्वतःहून बंद व्हायचं असतं. ती मर्यादा आधी १२० ते १५० टक्के होती, ती ११० ते १२० टक्क्यांवर आणली. म्हणजे ७५० वॅटचा डबा आधी ११२५ वॅटपर्यंत ओढला जाऊ शकत होता! या डब्यांवर ८० प्लस गोल्डचा शिक्का होता, हेही लक्षात ठेवा.

तो शिक्का काय सांगतो आणि काय नाही?

८० प्लस ही योजना अमेरिकेत २००४ मध्ये सुरू झाली, वीज वाचवण्यासाठी. भिंतीतून घेतलेल्या १०० वॅटपैकी किती वॅट कॉम्प्युटरला पोचतात आणि किती उष्णता होऊन वाया जातात, एवढंच ती मोजते. साध्या शिक्क्याला ८० टक्के, ब्राँझला अर्ध्या भारावर ८५, गोल्डला ९०. हे आकडे ११५ व्होल्टवरचे आहेत आणि चाचणीच्या खोलीचं तापमान २३ अंशांच्या आसपास असतं. कपॅसिटर कोणते, शॉर्ट सर्किट झालं तर डबा बंद होतो का, पंखा किती दिवस टिकेल, यातलं काहीही ती तपासत नाही. २३ अंश आपल्याकडे जानेवारीत असतात. मे महिन्यात पत्र्याच्या दुकानात काय असतं ते तुम्हाला माहीत आहे.

आणि उष्णता हाच एसएमपीएसचा मोठा शत्रू. आतल्या इलेक्ट्रोलायटिक कपॅसिटरमध्ये एक द्रव असतो, तो तापमानाने हळूहळू सुकतो. इंजिनिअरांचा ढोबळ नियम आहे, तापमान १० अंशांनी वाढलं की कपॅसिटरचं आयुष्य निम्म्यावर येतं. स्वस्त डब्यात ८५ अंशांपर्यंतचे कपॅसिटर टाकतात, बऱ्यापैकी डब्यात १०५ अंशांचे. "जपानी कपॅसिटर" असं जाहिरातीत ठळक लिहितात ते निप्पॉन केमी-कॉन, रुबीकॉन, निचिकॉन या कंपन्यांमुळे. १९९० च्या दशकाच्या शेवटापासून पुढची काही वर्षं खराब कपॅसिटरांमुळे जगभरचे मदरबोर्ड आणि पॉवर सप्लाय फुगून मेले होते, तेव्हापासून हे नाव लोकांच्या मनात बसलं. फक्त एक बघा, "मुख्य कपॅसिटर जपानी" असं लिहिलं असेल तर बाकीचे पंधरा-वीस कुठले, ते त्यात येत नाही.

वॅटचा आकडासुद्धा असाच. चांगल्या कंपन्या ४० किंवा ५० अंशांत सतत किती वॅट देता येतील ते लिहितात. स्वस्तवाले अंशांचा उल्लेखच करत नाहीत.

आता लोकल डब्याकडे येऊ. वर मोठ्या अक्षरात लिहिलेलं असतं ४५० वॅट. बाजूच्या लेबलवर एक बारीक तक्ता असतो, तो कोणी वाचत नाही. त्यात १२ व्होल्टच्या खाली किती अँपिअर लिहिलेत ते बघा. समजा १४ अँपिअर आहेत. १२ गुणिले १४ म्हणजे १६८ वॅट. आजचा प्रोसेसर आणि ग्राफिक कार्ड जवळजवळ सगळी वीज १२ व्होल्टवरूनच घेतात, त्यामुळे तुमच्यासाठी हा डबा १६८ वॅटचा. बाकीचे वॅट ५ आणि ३.३ व्होल्टचे आकडे मिळवून जुळवलेले, आणि तेवढी वीज त्या तारांवरून आता कोणी ओढतच नाही. खऱ्या ४५० वॅटच्या डब्यावर १२ व्होल्टला साधारण ३५ ते ३७ अँपिअर दिसायला हवेत. हे गणित दुकानात उभ्या उभ्या मोबाइलवर होतं.

नुसतं ऑफिसचं काम करणाऱ्या, ग्राफिक कार्ड नसलेल्या कॉम्प्युटरला १६८ वॅट पुरतातही. म्हणूनच लोकल डबे वर्षानुवर्षं चालतात आणि मेकॅनिक छातीठोकपणे सांगतो, "काही होत नाही." तो खोटं बोलत नाही. होतं ते वीज नीट नसते तेव्हा.

गावाकडची वीज म्हणजे कधी १७० व्होल्ट, कधी २६०. डीपीवर न्यूट्रल तुटला तर एका घरात दिवे मंद होतात आणि दुसऱ्या घरात व्होल्टेज ४०० च्या जवळ जातं. चांगल्या एसएमपीएसमध्ये वीज शिरते तिथेच फ्यूज, झटका अंगावर घेणारा एमओव्ही हा छोटा भाग आणि फिल्टरची गुंडाळी असते. स्वस्त डबा उघडला तर बोर्डवर या भागांच्या जागा छापलेल्या दिसतात, पण भाग बसवलेलेच नसतात. जागा रिकाम्या, किंवा साध्या तारेने जोडलेल्या. तिथे दहा-वीस रुपये वाचवलेले असतात. ॲक्टिव्ह पीएफसी असलेले बरेच पॉवर सप्लाय १०० ते २४० व्होल्टपर्यंत चालतात, त्यामुळे व्होल्टेज पडलं तरी ते तग धरतात. मागे ११५ आणि २३० चं लाल बटण असेल तर त्यात ही सोय नाही, हे समजून घ्या. मुलांनी खेळता खेळता ते बटण ११५ वर सरकवलं की भारतात एकच निकाल लागतो, धडाम.

आणखी एक कोडं इथेच सुटतं. यूपीएस आहे, त्याची बॅटरीही नवी आहे, तरी लाईट गेली की कॉम्प्युटर रिस्टार्ट होतो. लोक यूपीएस बदलतात. साध्या यूपीएसला बॅटरीवर यायला काही मिलिसेकंद लागतात, दहापर्यंतसुद्धा. तेवढा वेळ एसएमपीएसने आपल्या मोठ्या कपॅसिटरमधल्या साठ्यावर कॉम्प्युटर चालता ठेवायचा असतो. इंटेलच्या नियमावलीत हा वेळ भारानुसार सुमारे १२ ते १७ मिलिसेकंद धरलाय. पैसे वाचवायला कपॅसिटर लहान टाकला की साठा आधीच संपतो. दोष यूपीएसचा नसतो.

कॅबिनेटला हात लावला की मुंग्या येतात, ही तक्रार मात्र उलटी आहे. चांगल्या एसएमपीएसच्या फिल्टरमधले दोन छोटे कपॅसिटर अर्थिंगला जोडलेले असतात. तुमच्या सॉकेटला अर्थिंगच नसेल तर त्यातून येणारा किंचित प्रवाह पत्र्यावर राहतो आणि बोटांना जाणवतो. ज्या डब्यात फिल्टरच नाही तो मुंग्या आणत नाही! त्यामुळे नवा महाग एसएमपीएस लावल्यावर करंट लागतो म्हणून तो परत करू नका, आधी वायरमन बोलवा.

आता मुख्य काम, खरा बनवणारा शोधायचा कसा?

वस्तू कोणी बनवली हे तिच्या बुडाशी शोधायची रीत फार जुनी आहे, आणि भोकरदनकरांना तिची एक गोष्ट माहीत असायला हवी. १९३८ मध्ये इटलीतल्या पॉम्पेई या ज्वालामुखीखाली गाडलेल्या शहरात एक भारतीय हस्तिदंती स्त्रीमूर्ती सापडली. ती नेपल्सच्या संग्रहालयात आहे. तिच्या तळाशी खरोष्ठी लिपीत एक खूण कोरलेली आहे. ती कुठे घडली यावर बरीच चर्चा झाली. १९७३ च्या उत्खननात भोकरदनला, म्हणजे जुन्या भोगवर्धनात, तशाच धाटणीची हस्तिदंती मूर्ती मिळाली. त्यामुळे पॉम्पेईची मूर्तीही याच भागात घडली असावी, असं काही अभ्यासक मानतात. बाजारात कोणाच्या नावाने गेली ते कोणाला माहीत, पण बुडाची खूण राहिली.

एसएमपीएसच्या लेबलवर अशा दोन खुणा असतात. एक अमेरिकेतल्या यूएल या सुरक्षा तपासणी संस्थेची. उलटा आर आणि यू जोडल्यासारखं चिन्ह आणि शेजारी ई अक्षराने सुरू होणारा नंबर. तो नंबर यूएलच्या यादीत शोधला की ज्याच्या नावाने नोंद आहे ती कंपनी कळते. जगभरचे हौशी लोक याच वाटेने खरा कारखाना शोधत आले. कधीकधी ब्रँड स्वतःच्या नावाने नोंद करतो, तेव्हा ही वाट बंद होते.

दुसरी खूण आपल्या कामाची. भारत सरकारच्या २०१२ च्या आदेशानुसार ठरावीक इलेक्ट्रॉनिक वस्तूंना बीआयएसची, म्हणजे भारतीय मानक ब्युरोची नोंदणी सक्तीची झाली. भारतात विकल्या जाणाऱ्या एसएमपीएसच्या लेबलवर आयएस १३२५२ हा मानकाचा क्रमांक आणि आर अक्षरापुढे आठ आकडी नंबर दिसतो. नवीन मालावर मानकाचा क्रमांक बदललेलाही असू शकतो, आर नंबर मात्र असतो. या नोंदणीची खुबी अशी की ती दुकानदाराला किंवा आयात करणाऱ्याला मिळत नाही, माल जिथे बनतो त्या कारखान्याला मिळते. परदेशी कारखान्याला त्यासाठी भारतात अधिकृत प्रतिनिधी नेमावा लागतो.

बीआयएस केअर हे सरकारी ॲप फुकट आहे. त्यात आर नंबर तपासायची सोय आहे. नंबर टाकला की कारखान्याचं नाव, पत्ता, ब्रँड आणि नोंदणी चालू आहे की संपली हे समोर येतं. खोक्यावर लाल-काळ्या रंगात जे नाव झळकतं त्याऐवजी तिथे चीनमधल्या भलत्याच कंपनीचं नाव दिसलं तर दचकू नका, तेच अपेक्षित आहे. दचकायचं ते नंबर सापडलाच नाही, किंवा ॲपमधला ब्रँड आणि हातातला डबा जुळला नाही तर. शिक्का छापायला पैसे लागत नाहीत.

कारखाना कळला की पुढे मॉडेलचं पूर्ण नाव टाकून परीक्षण शोधा, डबा उघडून यंत्रावर भार टाकून तपासलेलं. अशी माणसं कमी आहेत. सायबेनेटिक्स ही सायप्रसची संस्था पॉवर सप्लायची कार्यक्षमता आणि आवाज मोजून निकाल सगळ्यांसाठी जाहीर करते. जॉनीगुरू या नावाने परीक्षणं लिहून एका पिढीला हा विषय शिकवणारे जॉन गेरो पुढे कोर्सेअरमध्येच नोकरीला लागले. परीक्षकालाच कंपनीने घेतलं म्हणून काही जण नाराज झाले, पण मला तरी यात कंपनीचं शहाणपण दिसतं.

बजेट अगदीच कमी असेल तर एक तिसरी वाट आहे, तिच्याकडे दुकानदार सहसा बोट दाखवत नाहीत. मोठ्या शहरातल्या कंपन्यांनी काढून टाकलेले डेल, एचपीचे ऑफिस कॉम्प्युटर जालना, संभाजीनगरच्या बाजारात रिफर्बिश्ड म्हणून येतात. त्यांच्यातले पॉवर सप्लाय डेल्टा, लाइट-ऑन, ॲकबेल अशांनी बनवलेले असतात. वॅटचा आकडा लहान असतो, २४० किंवा १८० सुद्धा, पण तो खरा असतो. नव्या असेंबल्ड मशीनमधल्या ४५० वॅटच्या लोकल डब्यापेक्षा हा जुना डबा बऱ्याचदा भरवशाचा निघतो. अडचण एकच, यातल्या बऱ्याच डब्यांचा आकार आणि पिना त्या कंपनीच्या स्वतःच्या, त्यामुळे काढून दुसऱ्या कॅबिनेटला बसत नाहीत. घ्यायचा तर अख्खा कॉम्प्युटर घ्यावा लागतो.

आणि नवा मागवत असाल तर पैसे पाठवायच्या आधी दुकानदाराला व्हॉट्सॲपवर दोन फोटो मागा, खोक्याचा नको, डब्याच्या लेबलचे. एकात १२ व्होल्टचे अँपिअर वाचता आले पाहिजेत, दुसऱ्यात आर नंबर.